प्रा. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स : प्रवाह आणि उष्णता यांचे अभ्यासक



देवघरातल्या उदबत्तीचा धूर तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. खिडक्या बंद असल्या की तो आधी दोऱ्यासारखा सरळ वर चढतो आणि थोडा उंच गेला की एकाएकी वेटोळी घेऊन विस्कटतो. नळाच्या पाण्याचेही असेच असते. तोटी जरा उघडली तर काचेच्या कांडीसारखी नितळ धार पडते आणि जास्त उघडली की तीच धार खडबडीत होऊन खळखळू लागते. हा बदल नेमका केव्हा होतो? का होतो? आणि झाल्यावर त्या प्रवाहाची उष्णता वाहून नेण्याची शक्ती कशी बदलते? रोज डोळ्यांसमोर घडणाऱ्या या गोष्टीचा ज्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला, त्या प्रा. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांचा परिचय आम्ही या अंकात करून देत आहोत. पुढे अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांना त्यांचे नाव पहिल्या-दुसऱ्या वर्षातच भेटेल. पण तेव्हा ते एका सूत्राचे नाव म्हणून भेटते. त्या नावामागचा माणूस आधी कळावा, अशी आमची इच्छा आहे.

बालपण आणि शिक्षण

रेनॉल्ड्स यांचा जन्म २३ ऑगस्ट १८४२ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि शाळेचे मुख्याध्यापकही होते. केंब्रिजला गणित शिकलेल्या या गृहस्थांना यंत्रांचीही मोठी आवड होती आणि शेतीच्या अवजारांत त्यांनी सुधारणा केल्या होत्या. पुढे हे कुटुंब इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातील डेडहॅम या गावी राहू लागले. मुलाचे सुरुवातीचे शिक्षण वडिलांच्याच हाताखाली झाले. घरात एकीकडे गणित आणि दुसरीकडे लोखंडी अवजारे, असे ते वातावरण होते.

आजच्या पालकांना थोडे नवल वाटेल अशी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. हा हुशार मुलगा शाळेतून थेट महाविद्यालयात गेला नाही. १८६१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो स्टोनी स्ट्रॅटफर्ड येथील एडवर्ड हेज नावाच्या यंत्र-अभियंत्याच्या कारखान्यात उमेदवारी करू लागला. यंत्रे कशी चालतात हे त्याने आधी हाताने शिकून घेतले. ती तशी का चालतात हे समजायचे तर गणित हवे, असे तिथे ध्यानात आल्यावरच तो केंब्रिजला गेला. १८६७ साली क्वीन्स कॉलेजमधून गणिताच्या परीक्षेत सातवा क्रमांक मिळवून तो पदवीधर झाला.

पुढच्याच वर्षी, १८६८ साली, मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजमध्ये अभियांत्रिकीचे नवे अध्यासन सुरू झाले. मँचेस्टर हे कापडगिरण्यांचे आणि वाफेच्या इंजिनांचे शहर होते. अभियांत्रिकी हा विषय नुसता कारखान्यात नव्हे, तर महाविद्यालयातही शिकवला जावा, असे तिथल्या कारखानदारांना वाटत होते आणि त्यांनीच या जागेसाठी पैसा उभा केला होता. या पदावर रेनॉल्ड्स यांची नेमणूक झाली तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे होते. १९०५ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी हे पद सोडले नाही.

त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले, पण वर्षभरातच पत्नी शार्लट यांचे निधन झाले. मागे राहिलेला लहान मुलगाही पुढे १८७९ साली गेला. या दुःखाच्या काळात रेनॉल्ड्स यांचे काम थांबलेले दिसत नाही. १८८१ साली त्यांनी पुन्हा विवाह केला आणि त्यांना तीन मुलगे व एक मुलगी झाली.

वर्गातले रेनॉल्ड्स

पुढे इलेक्ट्रॉनच्या शोधासाठी जगप्रसिद्ध झालेले जे. जे. थॉमसन हे लहानपणी ओवेन्स कॉलेजात रेनॉल्ड्स यांचे विद्यार्थी होते. त्यांनी उतारवयात लिहिलेल्या आठवणींवरून असे दिसते की, सर वर्गात तयारी करून येत नसत. टेबलावरचे रँकिन यांचे पाठ्यपुस्तक उघडायचे, समोर येईल ते सूत्र पाहायचे, ते चुकीचे आहे असे जाहीर करायचे आणि मुलांकडे पाठ करून फळ्यावर ते खोडून काढायला लागायचे. मधूनमधून स्वतःशीच बोलणे चाले. बराच वेळ गेल्यावर कधी कधी असे निघे की पुस्तकच बरोबर होते! सामान्य विद्यार्थ्याला या व्याख्यानांतून फारसे हाती लागत नसे. पण ज्याला विचार कसा करतात हे पाहायचे होते, त्याला ती मेजवानी होती. छापलेले आहे म्हणून ते खरे, असे मानायचे नाही, हा धडा तिथे रोज मिळत असे.

बॉयलरचा प्रश्न

गिरण्यांच्या शहरात राहणाऱ्या प्राध्यापकासमोर सर्वांत मोठा प्रश्न बॉयलरचा होता. भट्टीतले तापलेले वायू नळ्यांमधून जातात, नळ्यांच्या भोवती पाणी असते आणि वायूंची उष्णता पत्र्यातून पाण्यात शिरून वाफ होते. आता एक कोडे पाहा. वायू दुप्पट वेगाने नेले तर त्यांना नळीत राहायला निम्माच वेळ मिळेल. मग ते उष्णता न देताच धुराड्यातून निघून जायला हवेत. प्रत्यक्षात तसे होत नव्हते. आगगाडीच्या इंजिनात वायू भन्नाट वेगाने जात असूनही वाफ भरपूर मिळत होती.

१८७४ साली रेनॉल्ड्स यांनी मँचेस्टरच्या साहित्य व तत्त्वज्ञान मंडळापुढे याचा उलगडा मांडला. नळीतला वायू सरळ रांगेने चालत नाही. त्यात असंख्य लहान-मोठे भोवरे असतात. हे भोवरे मधला तापलेला वायू उचलून भिंतीपाशी आणतात आणि निवलेला वायू परत मध्ये नेतात. वेग वाढला की ही ने-आणही वाढते आणि वेळ कमी मिळाल्याची भरपाई होते. आपण गरम चहा ढवळतो किंवा बशीत ओतून फुंकर घालतो, त्यामागेही हेच कारण आहे.

याच्याही पुढे जाऊन त्यांनी एक मोठी गोष्ट सांगितली. जे भोवरे भिंतीपर्यंत उष्णता पोचवतात, तेच प्रवाहाची गतीही भिंतीला देतात आणि त्यामुळेच प्रवाहाला घर्षण होते. वाहतूकदार एकच आणि माल दोन प्रकारचा! तेव्हा घर्षण मोजले तर उष्णता किती जाईल याचा अंदाज बांधता येतो. उष्णता मोजणे त्या काळी फार अवघड होते, पण घर्षणामुळे दाब किती घटला हे साध्या नळीत मोजता येत असे. म्हणून ही युक्ती अतिशय मोलाची ठरली. रेनॉल्ड्स यांचे साधर्म्य या नावाने ती आजही शिकवली जाते.

काचेची नळी आणि रंगाची रेघ

पण भोवरे नेमके केव्हा सुरू होतात? याचा शोध घेण्यासाठी रेनॉल्ड्स यांनी जो प्रयोग केला, तो १८८३ साली प्रसिद्ध झाला. साधने पाहाल तर अगदी साधी होती. सुमारे ६ फूट लांबीची, काचेच्या बाजू असलेली एक टाकी. तिच्यात आडवी ठेवलेली काचेची नळी, जिच्या तोंडाशी कर्ण्यासारखे लाकडी मुख बसवलेले. नळीचे दुसरे टोक खाली जाणाऱ्या लोखंडी नळाला जोडलेले आणि तिथे झडप. नळ्या एक इंच, अर्धा इंच आणि पाव इंच व्यासाच्या घेतल्या होत्या. टाकी भरून पाणी पूर्ण स्थिर होईपर्यंत कित्येक तास थांबायचे, मग झडप किंचित उघडून नळीच्या तोंडाशी रंगीत पाण्याची बारीक धार सोडायची.

वेग कमी असताना रंगाची रेघ नळीभर सरळ, हलके ताणलेल्या धाग्यासारखी दिसे. झडप हळूहळू उघडत गेले की एका ठराविक वेगाला नळीत काही अंतरावर ती रेघ एकदम फुटून सगळे पाणी रंगून जाई. डोळ्यांना तो नुसता रंगाचा ढग दिसे. रेनॉल्ड्स यांनी खोलीत विजेची ठिणगी पाडून त्या क्षणिक उजेडात नळीकडे पाहिले. तेव्हा त्या ढगात एकेक वेटोळे वेगळे आणि स्पष्ट दिसले! सगळे विस्कटलेले वाटत होते ते प्रत्यक्षात भोवऱ्यांनी भरलेले होते. आपली नजर मंद म्हणून तो ढग भासत होता. हा प्रसंग आम्हाला त्यांच्या साऱ्या आयुष्याचे सार वाटतो.

आणखीही एक गोष्ट त्यांनी टिपली. बदलाच्या सीमेवर प्रवाह कधी नितळ तर कधी खळाळता, असा आळीपाळीने होत असे. थोडा वेळ रेघ सरळ, मग अचानक एक झटका, पुन्हा सरळ.

निरनिराळे व्यास, वेग आणि पाण्याचे तापमान घेऊन त्यांनी दाखवले की, हा बदल एका संख्येवर ठरतो. वेगाला व्यासाने गुणायचे, द्रवाच्या घनतेने गुणायचे आणि त्याच्या चिकटपणाने, म्हणजे श्यानतेने, भागायचे. ही संख्या नळीत साधारण २००० च्या खाली असेल तर प्रवाहात गडबड झाली तरी ती आपोआप विरते. तिच्या बरीच वर गेली की भोवरे टिकतात. साध्या तापमानाचे पाणी १ सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने जात असेल, तर ही संख्या सुमारे २००० येते. तुम्ही स्वतः हिशेब करून पाहा. फार काळजीने, हादरा न देता प्रयोग केला तर सुमारे १३,००० पर्यंत प्रवाह नितळ ठेवता येतो, हेही रेनॉल्ड्स यांना दिसले. त्यांचे उपकरण मँचेस्टरला जपून ठेवले आहे. सुमारे शंभर वर्षांनी त्याच उपकरणावर तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा इतका मोठा आकडा गाठता आला नाही. कारण रस्त्यावरच्या वाहनांच्या हादऱ्यांनी भोवरे लवकर सुरू होत होते!

१९०८ साली आर्नोल्ड झोमरफेल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने या संख्येला रेनॉल्ड्स यांचे नाव दिले. आज विमान, पाणबुडी, रक्तवाहिनी, पाण्याची पाइपलाइन, काहीही असो, हिशेबाची सुरुवात रेनॉल्ड्स अंकाने होते.

सरासरी आणि चढउतार

१८९५ साली त्यांनी आणखी एक प्रबंध प्रसिद्ध केला. खळाळत्या प्रवाहात एका जागचा वेग क्षणोक्षणी बदलतो. त्याचे गणित कसे करायचे? त्यांनी वेगाचे दोन भाग केले : एक सरासरी आणि दुसरा तिच्याभोवतीचा चढउतार. चढउतारांची बेरीज शून्य येते, म्हणून ते सोडून द्यावेत असे कुणालाही वाटेल. पण रेनॉल्ड्स यांनी दाखवले की, दोन दिशांचे चढउतार एकमेकांशी जोडलेले असतील तर त्यांच्या गुणाकाराची सरासरी शून्य येत नाही, आणि प्रवाहातली गतीची देवघेव मुख्यतः त्यातूनच होते. उष्णतेलाही हेच लागू पडते. हा प्रबंध तपासणारे स्टोक्स आणि लॅम्ब हे त्या काळचे श्रेष्ठ गणिती होते. त्यांनाही तो नीट उमगला नाही, तरी छापावा असेच मत त्यांनी दिले. आज हवामानाच्या अंदाजापासून इंजिनाच्या रचनेपर्यंत याच पद्धतीची समीकरणे वापरतात.

मोजमापाच्या बाबतीत रेनॉल्ड्स किती जागरूक होते याचे एक उदाहरण देतो. मँचेस्टरचेच जूल यांनी काम आणि उष्णता यांचे नाते मोजले होते. १८९७ साली रेनॉल्ड्स आणि मूरबी यांनी ते पुन्हा मोजले. जूल यांच्या प्रयोगात पाणी थोड्याच अंशांनी तापे, म्हणून थर्मामीटरच्या बारीकशा चुकीलाही महत्त्व येई. रेनॉल्ड्स यांनी १०० अश्वशक्तीच्या इंजिनाने पाणी बर्फाच्या तापमानापासून उकळीपर्यंत तापवले. ही दोन्ही टोके निसर्गानेच ठरवलेली, त्यामुळे थर्मामीटरचा दोष जवळजवळ बाद झाला. शिवाय जड आणि हलका असे दोन प्रकारचे भार देऊन त्यांनी फरक काढला, म्हणजे दोन्हींत सारखीच वाया गेलेली उष्णता वजा झाली. आपल्या साधनाचा दोष ओळखून प्रयोगच असा आखायचा की तो दोष आड येणार नाही, ही त्यांची रीत होती.

त्यांच्यानंतर

तरीही एक गोष्ट त्यांच्या हयातीत होऊ शकली नाही. भोवऱ्यांमुळे क्षणोक्षणी बदलणारी उष्णता प्रत्यक्ष मोजणे त्या काळच्या साधनांना शक्य नव्हते. याचे कारण सोपे आहे. ताप पाहताना पाऱ्याचा थर्मामीटर काही मिनिटे धरावा लागतो, कारण त्याला आधी स्वतःला तापावे लागते. सेकंदात शंभर वेळा उष्णता कमी-जास्त झाली तर असा थर्मामीटर नुसती सरासरी दाखवत शांत बसेल. पाहणाऱ्याला वाटेल, सारे काही स्थिर आहे!

यावर उपाय म्हणजे साधन अतिशय बारीक करणे. १९१४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे लुई किंग यांनी विजेने तापवलेल्या बारीक तारेतून वाऱ्याकडे किती उष्णता जाते याचे नियम बसवले. आज अशा तारेची जाडी मिलिमीटरच्या सुमारे ५ सहस्रांश असते, म्हणजे केसाच्या कितीतरी पट कमी. तरी तारेलाही थोडा वेळ लागतोच. १९२९ साली अमेरिकेत ड्रायडन आणि क्यूथे यांनी तारेचा हा उशीर विद्युत मंडलाने भरून काढला. १९५० नंतरच्या काळात काचेवर किंवा चिनी मातीवर प्लॅटिनमचा अतिशय पातळ थर देऊन उष्णतामापक बनवले जाऊ लागले. ते सेकंदाच्या काही दशलक्षांश भागात बदल टिपतात. पृष्ठभागाचे तापमान क्षणोक्षणी कसे चढले यावरून आत किती उष्णता शिरली हे गणिताने काढतात. त्या गणिताचा पाया फ्रेंच गणिती फूरिए यांनी १८२२ सालच्या ग्रंथात घातला होता.

हे सारे कशासाठी, असे तुम्ही विचाराल. विमानाच्या इंजिनातल्या फिरत्या पात्यावर सेकंदात हजारो वेळा गरम-थंड झोत येतात. अवकाशातून परतणाऱ्या यानाच्या कवचावर किती उष्णता आदळेल हे तपासण्याचे जमिनीवरचे प्रयोग अनेकदा सेकंदाच्या काही सहस्रांश भागातच आटोपतात. तिथे सरासरीवर विसंबून पाते किंवा कवच बनवले तर माणसांचे जीव धोक्यात येतात. सरासरी सुरक्षित असते, पण धातू तडकतो तो एखाद्या झटक्याने. रेनॉल्ड्स यांनी ठिणगीच्या उजेडात जे पाहिले, तेच ही साधने आज उष्णतेच्या बाबतीत पाहतात.

अखेरचे दिवस

रेनॉल्ड्स यांची जिज्ञासा प्रवाहापुरती नव्हती. समुद्रकाठच्या ओल्या वाळूवर पाय दिला की भोवतालची वाळू क्षणभर कोरडी का दिसते, पावसाने समुद्राच्या लाटा का निवतात, यंत्राच्या धारव्यात तेलाचा थर वजन कसे पेलतो, असे कितीतरी प्रश्न त्यांनी सोडवले. १८७७ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १८८८ साली त्यांना त्या संस्थेचे रॉयल पदक मिळाले. शेवटच्या वर्षांत त्यांनी साऱ्या विश्वाची रचना बारीक कणांच्या आधारे सांगू पाहिली. १९०३ साली तो ग्रंथ निघाला, पण तो विचार शास्त्रज्ञांत टिकला नाही. प्रकृती ढासळल्याने १९०५ साली ते निवृत्त झाले आणि २१ फेब्रुवारी १९१२ रोजी सॉमरसेटमधील वॉचेट येथे त्यांचे निधन झाले.

आपल्यासाठी

विश्वस्त आणि पालक यांच्यासाठी दोन शब्द. ज्या प्रयोगाने हे शास्त्र उभे राहिले, त्याला टाकी, नळी, रंग आणि धीर एवढेच लागले होते. आपल्या मुलांना प्रयोगवहीत उत्तर आधी आणि निरीक्षण नंतर लिहिण्याची सवय लागू नये, याची काळजी आपण सर्वांनी घ्यायला हवी. आणि मुलाच्या वर्षभराच्या सरासरी गुणांकडे पाहताना तिच्या पोटातले चढउतारही पाहावेत. कुठे तो अडखळला आणि कुठे उसळी मारली, हे सरासरी सांगत नाही.

विद्यार्थ्यांनो, एक काम करा. काचेच्या एका ग्लासात पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी दुसरा ग्लास नळाखाली धरून ताजा भरा. दोन्हींत शाईचा एकेक थेंब अलगद सोडा आणि काय फरक दिसतो तो आपल्या शब्दांत लिहून विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना दाखवा. पुस्तकात काय आहे ते नको, तुम्ही काय पाहिले ते लिहा. असे चार जणांनी जरी केले, तरी हे चरित्र छापल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.